घर कोण आखतं?

(पुण्यात झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत 'अंतर्गत रचनेची तोंडओळख' असा विषय वाचून तुमच्यापैकी काहीजणी बुचकळ्यात पडल्या असतील. काल दिवसभर आपण पोटगी, पोलीस चौकी आणि रेशनबद्दल बोललो, आणि आज एकदम पडदे, सोफे, भिंतींचे रंग? ज्यांच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत त्यांनी करायच्या या गोष्टी, असंच आपल्याला वाटतं. जाहिरातींनी तो समज पक्का केला आहे. त्यांत चकचकीत स्वयंपाकघरात इस्त्रीची साडी नेसलेली बाई उभी असते, ओट्यावर एकही खरकटं भांडं नसतं आणि चुलीवर काही शिजतही नसतं.

मला आज बोलायचं आहे ते या विद्येच्या मूळ गाभ्याबद्दल. सजावट हा तिचा शेवटचा भाग. त्याआधी ती एक साधा प्रश्न विचारते: या चार भिंतींच्या आत कोण राहतं, काय काम करतं, किती वेळ करतं, आणि त्या कामासाठी त्याच्या शरीराला किती जागा लागते? या प्रश्नाचं उत्तर मोजून, कागदावर मांडून, त्याप्रमाणे जागा, उजेड, हवा, सामान आणि वस्तू यांची व्यवस्था लावणं म्हणजे अंतर्गत रचना.

आता हाच प्रश्न आपल्या घराला लावून बघा. घरात सगळ्यात जास्त काम करणारं माणूस कोण? २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, आणि जे पुरुष अशी कामं करतात ते ९७ मिनिटं देतात, असं त्यात आढळलं. म्हणजे पाच तास आणि दीड तास. जिचे पाच तास तिथे जातात, तिला विचारून ओट्याची उंची ठरली होती का? खिडकी कुठे हवी हे तिला कुणी विचारलं होतं का? घर सजवणं हे बाईचं काम मानलं जातं आणि घर आखणं दुसऱ्याचं. या दोन गोष्टींमधलं अंतर हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

वाड्याची रचना काय सांगते

आपल्या गावापासून सुरुवात करू. पुण्याचे वाडे आपण कौतुकाने बघतो. ते कौतुक खोटं नाही. भर उन्हाळ्यात चौकातला गारवा, जाड भिंती, कोनाडे, फडताळं, सगळं हवामानाचा विचार करून केलेलं असे. पण वाड्याचा नकाशा बाईच्या नजरेने वाचला तर आणखी काही दिसतं. दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, ओसरी, आणि वर माडीवर दिवाणखाना. ही पुढची बाजू पुरुषांची. पाहुणे, कारकून, व्यवहार, गाणंबजावणं सगळं तिथे. मागच्या बाजूला माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची अंधारी खोली, परस आणि विहीर किंवा हौद. ही बायकांची बाजू. पाळीच्या दिवसांत बाईने बसायचा कोपरा ठरलेला. केशवपन केलेल्या विधवेचा वावर कुठपर्यंत, तेही ठरलेलं. कोणत्या जातीच्या माणसाने कोणत्या पायरीपर्यंत यायचं, तेही ठरलेलं. हे सगळं कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नव्हतं. उंबरे, जिने आणि दारं ते न बोलता पाळून घेत होती.

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आपल्यापैकी बऱ्याचजणींनी वाचलं असेल. ते १९१० साली प्रसिद्ध झालं. १८७३ साली त्यांचं लग्न झालं आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतलं. नवऱ्यापाशी शिकायचं आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांमध्ये वावरताना त्याच शिक्षणासाठी टोमणे ऐकायचे, असे दिवस त्यांनी काढले. एकाच घरात दोन जगं होती. बाईने एका जगातून दुसऱ्यात पाऊल टाकलं की त्याची किंमत तिला मोजावी लागे.

याच पुण्यात १८४८ साली भिड्यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा भरवली. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. या दोन्ही गोष्टींसाठी नवी इमारत बांधावी लागली नाही. होती तीच जागा कुणी वापरायची, एवढंच बदललं, आणि गाव हादरलं. जागेचा वापर बदलणं किती मोठी गोष्ट असते हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही.

जमिनीवरून ओट्यावर

पूर्वी स्वयंपाक बसून होत असे. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. राजा केळकर संग्रहालयात गेलात तर विळ्या, किसण्या, अडकित्ते, दिवे अशा घरगुती वस्तूंची केवढी कलाकुसर बघायला मिळते. त्या वस्तू वापरणारे हात कुणाचे होते, हे तिथे गेल्यावर आठवावं.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे वाहून गेले, पडले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. पुढच्या काही दशकांत उरलेले वाडेही पाडून त्या जागी फ्लॅट उभे राहू लागले. गॅस आला, नळ घरात आला, आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. धूर गेला, वाकणं-उठणं कमी झालं, हा मोठा फायदा झाला. तो आपण विसरायला नको.

पण उभ्याच्या स्वयंपाकघराची कल्पना आली कुठून? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ख्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनी कारखान्यातलं कामाचं मोजमाप घरात आणलं. भांडी धुताना किती पावलं पडतात, डबा काढायला किती वेळा वाकावं लागतं, हे त्यांनी मोजलं. १९२६ साली जर्मनीत मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या महिला वास्तुविशारदाने फ्रँकफर्ट शहरातल्या कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी सव्वासहा फूट, लांबी अकरा फूट. सगळं हाताच्या अंतरावर. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. बाईचे कष्ट वाचावेत आणि तिला स्वतःसाठी वेळ मिळावा, हा हेतू होता. हेतू चांगलाच होता.

पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यातली एक अडचण दाखवली. ते स्वयंपाकघर एकाच माणसासाठी आखलेलं होतं. तिथे दुसरं माणूस मावत नाही. आता आपल्या फ्लॅटचा हिशेब करा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे, जेवायची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर कमीत कमी पाच चौरस मीटर, म्हणजे साधारण ५४ चौरस फूट आणि रुंदी १.८ मीटर, म्हणजे जेमतेम सहा फूट असली तरी चालते. त्यातले दोन फूट ओट्यात गेले. समोरच्या भिंतीला फ्रीज आणि मांडणी लावली की आणखी दोन फूट गेले. उरले दोन फूट. दोन माणसांना एकमेकांच्या पाठीमागून जायचं तर चार फूट लागतात. संहिता 'याहून कमी नको' एवढंच सांगते, पण बांधणारे त्यालाच 'पुरेसं' समजतात. मग नवरा म्हणतो, "मी आत येऊन काय करू, तुझ्या पायात पायच येतात." यात थोडा बहाणा असतो हे आपण जाणतो. पण तो बहाणा नकाशानेच त्याच्या हाती दिलेला असतो. ज्या स्वयंपाकघरात एकच माणूस मावतं, तिथे काम वाटून घ्या म्हणून कितीही सांगितलं तरी ते एकीच्याच गळ्यात पडतं.

मापं: आपल्या शरीरापासून सुरुवात

आता या विद्येच्या मूलभूत गोष्टी एकेक करून बघू. त्या कुणालाही शिकता येतात.

पहिली गोष्ट माप. वस्तू माणसाच्या मापाची हवी. ओट्याची उंची कशी ठरवायची? सरळ उभं राहायचं, हात कोपरात काटकोनात दुमडायचा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजायचं. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की ओट्याची उंची मिळते. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ती साधारण ३२ ते ३३ इंच येते. कणीक मळायला आणि पोळ्या लाटायला खांद्यातून जोर लावावा लागतो, त्यासाठी याहून दोन-तीन इंच खाली बरं. शेगडीची स्वतःची उंची असते आणि तिच्यावर कुकर बसतो, म्हणून शेगडीखालचा ओटाही थोडा खाली हवा. युरोप-अमेरिकेत ओट्याचं रूढ माप ३६ इंचांच्या आसपास असतं. ते तसंच उचलून आपल्याकडे बसवलं की रोज सकाळी खांदे उचलून पोळ्या लाटाव्या लागतात. पाच वर्षांनी मान आणि खांदा धरला की आपण म्हणतो, वय झालं.

ओट्याखाली पुढच्या बाजूला तीन-चार इंचांची खाच ठेवली तर पावलं आत जातात आणि कंबर वाकत नाही. वरचं कपाट हाताला येईल एवढंच उंच हवं. पाच फूट उंचीच्या बाईला ओट्यावरून पलीकडे हात करताना सहा फुटांच्या वरचं काही धड काढता येत नाही. रोजचे डबे त्याच्या वर ठेवले, तर स्टुलावर चढणं आलं आणि कधीतरी पडणंही आलं.

दुसरी गोष्ट हालचाल. धुणं, चिरणं, शिजवणं आणि साठवण ही कामं एका क्रमाने होतात. मोरी किंवा सिंक, शेगडी, आणि फ्रीज किंवा धान्याची जागा हे तीन बिंदू कागदावर जोडा. एक त्रिकोण होतो. त्याच्या तीन बाजूंची बेरीज जितकी मोठी तितकी पायपीट. मोठ्या स्वयंपाकघरातही ती २६ फुटांच्या आत असावी असा संकेत आहे. त्या त्रिकोणातून घरातल्या इतरांचा येण्या-जाण्याचा रस्ता जाऊ नये. हॉलमधून बाथरूमला जायची वाट शेगडीसमोरून असेल तर ते घर चुकीचं आखलेलं आहे. गरम तेलाची कढई आणि धावणारं मूल एकाच वाटेवर येतात.

तिसरी गोष्ट उजेड आणि हवा. दिव्याची जागा बघा. छताच्या मधोमध दिवा असतो आणि बाई भिंतीकडे तोंड करून उभी असते. तिची स्वतःची सावली तिच्या हातावर पडते आणि ती त्या सावलीत भाजी चिरते. उपाय अगदी स्वस्त आहे. वरच्या फळीच्या खालच्या कडेला एक दिवा लावायचा. हवा आत येते तशी बाहेर जायलाही वाट लागते. समोरासमोर किंवा कोपऱ्यात दोन उघडी तोंडं असली तर वारा खेळतो. स्वयंपाकघराला बाहेरच्या हवेत उघडणारी कमीत कमी एक चौरस मीटरची खिडकी हवी, असं संहिता सांगते. पुष्कळ ठिकाणी ती खिडकी अरुंद डक्टमध्ये उघडते, किंवा गॅलरी बंद करून घेतल्यामुळे दुसऱ्या खोलीतच उघडते.

चौथी गोष्ट साहित्य. फरशी, ओट्याचा दगड, भिंतीचा रंग, लाकूड. दुकानात गेल्यावर दिसतं कसं आणि किंमत किती, हे दोन प्रश्न विचारले जातात. तिसरा विचारत जा: पुसणार कोण? काळा चकचकीत कडप्पा पाण्याचा प्रत्येक थेंब दाखवतो. काचेच्या उघड्या फळ्यांवर तेलकट धूळ बसते. नक्षीदार फर्निचरच्या खाचा काडीला कापूस लावून साफ कराव्या लागतात. ज्याने ती निवडली त्याने त्या साफ केल्या असत्या, तर निवड वेगळी झाली असती.

पाचवी गोष्ट रूप. समतोल, प्रमाण, लय, कशावर भर द्यायचा, आणि सगळं मिळून एक वाटणं. पुस्तकात हे शब्द जड वाटतात. पण आपण केळीच्या पानावर वाढतो तेव्हा काय करतो? डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजव्या बाजूला भाजी, आमटी. मध्ये भाताची मूद. मीठ आणि लिंबू वर. जे थोडं लागतं ते डावीकडे, जे पुन्हा पुन्हा लागतं ते उजव्या हाताशी. दिसायलाही सुंदर आणि वापरायलाही सोपं. रचनेचं सगळं शास्त्र त्या पानावर आहे. आपल्याला ते येतं. आपण त्याला शास्त्र म्हणत नव्हतो, एवढंच.

तिची जागा कोणती?

साठवणीबद्दल बोलताना एक प्रश्न मी नेहमी विचारते. घरात तुमची स्वतःची, किल्ली लागणारी जागा किती? मुलाला अभ्यासाचं टेबल असतं, नवऱ्याचा कागदपत्रांचा कप्पा असतो, सासऱ्यांची आरामखुर्ची असते. "माझं काय, सगळं घरच माझं," असं बाई हसून म्हणते. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली बाईला लिहायचं असेल तर स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत असं मांडलं, तेव्हा तिलाही हेच दिसत होतं. आपल्यापैकी बहुतेकींना खोली मिळणार नाही. पण एक कुलपाचा खण मिळू शकतो. शिक्षणाचे दाखले, लग्नाचा पुरावा, बँकेचं पुस्तक, औषधांची चिठ्ठी, दोन पत्रं आणि एक वही, एवढ्याला दीड फूट जागा पुरते. ती जागा नसल्यामुळे, मारझोडीनंतर नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडलेली बाई कागदांशिवाय आपल्या केंद्रात येते आणि प्रत्येक कचेरीत अडते. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

तसंच दारांचं. खोलीला बाहेरून कडी आहे का आतून? बाथरूमला धड कडी आहे का? कपडे बदलायला आडोसा आहे का? स्वयंपाकघराला एकच दार असेल आणि शेगडी त्या दाराशीच असेल, तर भडका उडाल्यावर बाहेर पडायचं कुठून? सुरक्षिततेचे हे प्रश्न आराखड्याच्या कागदावर सोडवायचे असतात.

लहान घर, मोठा अनुभव

कुणी म्हणेल, हे सगळं मोठ्या घरांचं. एका खोलीत राहणाऱ्यांनी काय आखायचं? अनुभव उलटा आहे. जागा जितकी कमी, तितकं प्रत्येक इंचाला महत्त्व.

मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी ऐंशीच्या दशकात महिला मिलनमध्ये एकत्र येऊन आपल्या मनातलं घर कसं असेल याच्या खऱ्या मापाच्या प्रतिकृती उभ्या केल्या. छोट्या जागेतली खोली चौदा फूट उंच ठेवायची आणि अर्ध्या भागावर माळा घालायचा, ही कल्पना त्यातून पुढे आली. वर झोपायचं, खाली स्वयंपाक आणि काम. प्रतिकृतीत उभं राहिलं की काय अडतं हे लगेच कळतं. कागदावर भल्याभल्यांना कळत नाही.

पुण्यात १९९९ साली रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना वस्त्यांमध्ये सामुदायिक संडास बांधायचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन यांचा मोठा वाटा होता. बायकांशी बोलून रचना बदलली गेली. पुरुषांचं दार आणि रांग वेगळी केली. मुलांसाठी लहान मापाचे वेगळे संडास केले, कारण मोठ्यांच्या रांगेत मुलांना ढकललं जात होतं आणि अंधाऱ्या भोकाची त्यांना भीती वाटत होती. हातात पाण्याची बादली घेऊन जाताना कपडे दाराला घासू नयेत, म्हणून दारं आत-बाहेर दोन्हीकडे उघडणारी केली. राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली ठेवली. यातली एकही गोष्ट महागडी नव्हती. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या रांगेत बादली धरली होती त्यांना विचारलं, म्हणून ती सुचली.

पुढे जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत येरवड्यातल्या नेताजी नगर, शीला साळवे नगर, मदर टेरेसा नगर अशा वस्त्यांत कच्ची घरं पाडून त्याच जागी साधारण २७० चौरस फुटांची पक्की घरं बांधली गेली. खर्चाचा दहा टक्के वाटा कुटुंबाचा होता. वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी आराखडे केले आणि महिला मिलनच्या बायका घराघरांत बोलत होत्या. वस्ती उठवून सात मजली इमारतीत कोंबायचं नाही, शेजार तोडायचा नाही, हे त्यातलं मुख्य. ज्यांची जागा अगदी लहान होती त्यांची घरं दोन-तीन मजले वर चढवली गेली. अशा घरात जिना कुठे येतो, मोरी कुठे येते, म्हातारी सासू कोणत्या मजल्यावर झोपते, हे प्रश्न घरातल्या बाईनेच सोडवायचे असतात.

आणि घर म्हणजे आपल्याकडे कितीजणींचं कामाचं ठिकाणही असतं. शिलाई, पापड, डबे, उदबत्त्या. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून ज्या कचरावेचक बायकांना संघटित करते आहे, त्यांच्यातल्या अनेकींना माल निवडायला जागा लागते. नकाशात त्या जागेवर 'हॉल' लिहिलेलं असतं. शिलाई मशीन खिडकीशी हवं, त्याचा प्लग जवळ हवा, कापड पसरायला चार फूट मोकळी जमीन हवी. हे सांगणं म्हणजे आपण कामगार आहोत हे सांगणं.

कागद आणि कायदा

या विद्येला आपल्या देशात एक विचित्र स्थान आहे. १९७२ च्या कायद्याने 'वास्तुविशारद' म्हणवून घ्यायला नोंदणी लागते. अंतर्गत रचनाकारासाठी तसा कायदा नाही. त्यामुळे कुणीही पाटी लावू शकतो. गृहविज्ञानाच्या महाविद्यालयांत मुली हे कित्येक वर्षं शिकत आल्या आहेत, पण तिथे शिकलेलं 'संसाराला उपयोगी' एवढंच समजलं गेलं. धंदा म्हणून तेच काम उभं राहिलं की कंत्राटदार, सुतार, पैशाचा व्यवहार हे सगळं पुन्हा पुरुषांच्या हाती. या क्षेत्रात आज अनेक बायका आहेत. पण गिऱ्हाईक म्हणून घरातली बाई बैठकीत किती वेळा बोलते, हेही त्यांनी बघावं.

कायद्याने दार थोडं उघडलं आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, पुरुष वारस राहत असलेल्या घराची वाटणी मुलीला स्वतःहून मागता येत नव्हती. ते कलम २००५ मध्ये रद्द झालं. त्याच वर्षीचा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. सामाईक घरात राहण्याचा बाईचा हक्क त्याने मान्य केला, घर तिच्या नावावर असो वा नसो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नाव लागणं महत्त्वाचं आहेच. पण नाव सातबाऱ्यावर किंवा करारावर लागलं आणि आत ओटा कुठे हे दुसऱ्यानेच ठरवलं, तर अर्धंच काम झालं.

आपण काय करायचं

गटाच्या पुढच्या बैठकीला एक मोजपट्टी आणि चौकटींचा कागद आणा. मोजपट्टी नसली तर आपली वीत किती इंचांची आहे ते एकदा मोजून ठेवा. चौकटींचा कागद म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. दोन ठिपक्यांमधलं अंतर एक फूट धरायचं. प्रत्येकीने आपलं घर काढायचं: भिंती, दारं, खिडक्या, ओटा, पाणी, दिवे. मग सकाळी उठल्यापासून मुलं शाळेत जाईपर्यंत आपण कुठून कुठे गेलो, त्या रेघा लाल पेन्सिलीने मारायच्या. नवऱ्याच्या निळ्या पेन्सिलीने. मग एकमेकींचे कागद शेजारी ठेवून बघायचे.

त्यानंतर तीन गोष्टी लिहायच्या. पैसे न लागता आजच बदलता येईल अशी एक. थोड्या पैशात होईल अशी एक. आणि घरातल्यांशी भांडल्याशिवाय होणार नाही अशी एक. पहिली त्याच आठवड्यात करायची. तिसरीची चर्चा गटात करायची, कारण ती एकटीने होत नाही.

वस्तीत पुनर्वसनाची योजना आली, सोसायटीचा पुनर्विकास निघाला, तर नकाशे दाखवायच्या सभेला पुरुषच जातात. तिथे आपण जायचं आणि नकाशा मागायचा. जमिनीवर खडूने खऱ्या मापाची खोली आखा म्हणायचं, त्यात उभं राहायचं, वाकायचं, खोटी पोळी लाटायची, खोटी बादली उचलायची. आधी लोक हसतील. मग कुणीतरी म्हणेल, "अरे, इथे दार उघडतच नाही." तेव्हा खडू आपण आपल्या हातात घ्यायचा आणि दार जिथे हवं तिथे काढून दाखवायचं.